३८४ ची प्लेट सोडून १५३६ वर जावं का? (पेशींची इमेजिंग अ‍ॅसे)

सूक्ष्मदर्शिनी
लॅबवाल्या मंडळींसाठी प्रश्न आहे. बाकीच्यांनाही कळेल असं लिहायचा प्रयत्न करते.

आमची एक अ‍ॅसे (म्हणजे चाचणी) वर्षभर ३८४ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये नीट चालली आहे. दात्यांकडून आलेल्या माणसाच्या प्राथमिक पेशी घ्यायच्या, त्यांच्यावर आधी संयुग आणि मग टीएनएफ (पेशींना दाहाचा संदेश देणारं प्रथिन) घालायचं, अर्ध्या तासाने फॉर्मल्डिहाइडने फिक्स करायच्या (आहेत तशा स्थिर करायच्या). मग अँटिबॉडी लावून बघायचं की पी६५ हे प्रथिन पेशीद्रवातून केंद्रकात शिरलं की बाहेरच थांबलं. जे संयुग त्याला दारातच अडवतं ते आमच्या कामाचं. दोनच रंग: केंद्रकांना निळा, पी६५ ला हिरवा.

आता एक लाख संयुगं तपासायची आहेत आणि वरून आदेश आलाय, "१५३६ वर न्या." कागदावरचा हिशेब असा. कंट्रोलसाठी (तुलनेच्या वेलसाठी) चार कॉलम सोडले तर ३८४ मध्ये प्लेटला ३२० संयुगं बसतात, म्हणजे ३१३ प्लेटा. १५३६ मध्ये १४०८ बसतात, म्हणजे ७२ प्लेटा. वेलला २५०० पेशी धरल्या तर ३८४ ला ३० कोटी पेशी लागतात. १५३६ मध्ये वेलला ४००, म्हणजे साडेचार कोटींच्या आत काम होतं. मीडियम ६ लिटरवरून पाऊण लिटरच्याही खाली येतं.

कागदावर सगळं गोडच दिसतं. ज्यांनी हे प्रत्यक्षात केलंय त्यांनी सांगा, कुठे रडायची वेळ आली?

वाचनमात्र
विषय डोक्यावरून जातोय तरी वाचतोय. आधी एक सांगा, १५३६ हा आकडा आला कुठून? पंधराशे का नाही?

थेंबे_थेंबे
वाचनमात्र, प्लेटचा बाहेरचा आकार ठरलेला असतो, साधारण १२८ गुणिले ८५ मिलिमीटर. तो बदलला तर जगातले सगळे रोबो रुसतील. त्यात ८ गुणिले १२ अशा ९६ वेल बसतात, दोन वेलच्या मध्यांमध्ये ९ मिमी अंतर. अंतर निम्मं केलं की दोन्ही दिशांनी दुप्पट, म्हणजे १६ गुणिले २४ = ३८४. परत निम्मं केलं की ३२ गुणिले ४८ = १५३६, अंतर २.२५ मिमी. दर वेळी चौपट.

९ मिमी अंतराची आठ टोकांची पिपेट १५३६ मध्ये बसतेसुद्धा, दर चौथ्या वेलमध्ये. मी एकदा हौसेने हाताने भरून पाहिली. नंतर दोन दिवस मान वळत नव्हती.

जुनं खोड
वेलप्लेटची सुरुवात १९५१ च्या सुमारास हंगेरीत झाली. ग्युला टाकाची नावाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने प्लास्टिकच्या ठोकळ्यात हाताने खळगे पाडले होते. साधनांची टंचाई होती, त्यातून सुचलेली युक्ती. म्हणजे हा सगळा कारभार पहिल्या दिवसापासून काटकसरीचाच आहे.

सूक्ष्मदर्शिनी, माझं मत विचाराल तर जाऊ नका. १५३६ ही एन्झाइमच्या अ‍ॅसेसाठी झकास आहे. मिसळा, थांबा, प्रकाश मोजा, संपलं. २००६ साली अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतल्या गटाने ६० हजारांवर संयुगं पायरुव्हेट कायनेज या एन्झाइमवर, प्रत्येकी किमान सात तीव्रतांना तपासली ती १५३६ मध्येच. पण तिथे धुणं नव्हतं. तुमच्या अ‍ॅसेत फिक्स करा, धुवा, पेशीचं आवरण सच्छिद्र करा, अँटिबॉडी, धुवा, दुसरी अँटिबॉडी, परत धुवा. ६ मायक्रोलिटरच्या वेलमध्ये एवढी आंघोळ घालाल तर पेशी तळाला राहतील का?

कडेचीवेल
खोडकाका +१. धुण्यातच सगळी अब्रू जाते.

माझा अनुभव लिहिते. सुई आत घालून द्रव ओढून घेणारा वॉशर १५३६ मध्ये दोन प्रकारे छळतो. सुई तळाजवळ नेली तर वेलच्या मधोमध पेशींचं टक्कल पडतं. वर ठेवली तर जुना द्रव मागे राहतो, आणि मग पुढचं प्रत्येक द्रावण किती पातळ झालं हे देवाला ठाऊक. आम्ही शेवटी ओढणंच बंद केलं. प्लेट उलटी धरून अगदी हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करायची, द्रव बाहेर फेकला जातो, पेशी जागेवर राहतात. त्यासाठीची यंत्रं मिळतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो, पण पातळ थर केशाकर्षणाने तळाला धरून राहतो आणि पेशी सुकत नाहीत.

शिवाय फिक्स करताना मीडियम काढूच नका. जितका द्रव वेलमध्ये आहे तितकंच ८ टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड वरून घाला, ४ टक्के आपोआप होतं. एक धुणं वाचलं.

अनुस्वार
विषयाशी संबंध नाही, पण हा शब्द 'अ‍ॅसे' असाच लिहा हं. मागे एकाने टोपीशिवाय लिहिला होता: "असे असे असेल तर असे का करावे असे वाटते." मी ते वाक्य चार वेळा वाचलं.

कडेचीवेल
अनुस्वार :) आणि 'वेल'चं काय? आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीने वहीत लिहिलं होतं, "कडेच्या वेली सुकल्या." मला वाटलं खिडकीतल्या कुंडीबद्दल आहे. माझा आयडी तिथूनच आलाय.

सूक्ष्मदर्शिनी
हाहा. पण ताई, वेली खरंच सुकतात ना? बाष्पीभवनाची मला धुण्याइतकीच धास्ती आहे.

कडेचीवेल
सुकतात. हिशेब बघ. ९६ मध्ये १०० मायक्रोलिटर असतात, त्यातला १ उडाला तर कुणाला पत्ताही लागत नाही. १५३६ मध्ये ५ मायक्रोलिटरमधला तोच १ उडाला की क्षार, ग्लुकोज, संयुग, सगळं सव्वापट. पेशीला ते बरोबर कळतं, ती आक्रसते, आणि तुला वाटतं संयुगाने काहीतरी केलं.

गंमत म्हणजे कडेच्या वेलचं प्रमाण छोट्या वेलच्या प्लेटमध्ये कमी होत जातं. ९६ मध्ये कडेला ३६, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. ३८४ मध्ये ७६, पाचवा हिस्सा. १५३६ मध्ये १५६, जेमतेम दहावा. पण १५३६ मध्ये परिणाम फक्त कडेच्या ओळीवर थांबत नाही, आम्हाला दोन-तीन ओळी आतपर्यंत दिसायचा.

साधं प्लास्टिकचं झाकण विसर. रबरी गास्केट लावलेलं स्टीलचं जड झाकण घे. ते नसेल तर इनक्यूबेटरमध्ये आर्द्रता भरपूर ठेव आणि दार सारखं उघडणाऱ्यांना हाकल. दुसरं म्हणजे पेशी टाकल्या की प्लेट लगेच ३७ अंशांना ढकलू नकोस. बाहेरच, सपाट जागेवर, अर्धा-एक तास राहू दे. कडेच्या वेल आधी तापतात, आत प्रवाह सुरू होतात आणि पेशी एका बाजूला ढिगाने जमतात. त्या आधी खाली बसल्या की हा प्रकार बराच कमी होतो. ९६ वेलसाठी ही युक्ती २००३ पासून छापील आहे, तरी दर नव्या माणसाला ती नव्याने सांगावी लागते.

फोकसगेला
मी सूक्ष्मदर्शक सांभाळतो, त्यामुळे माझ्या खिडकीतून बोलतो.

सगळ्यांना वाटतं प्लेट लहान झाली की इमेजिंग लवकर संपतं. सूक्ष्मदर्शकाला तुमची प्लेट कितीची आहे याच्याशी देणंघेणं नाही, तो फोटो मोजतो. आमचा कॅमेरा २०४८ गुणिले २०४८ चा, पिक्सेल ६.५ मायक्रॉनचा. १०एक्स (दहापट) भिंगाखाली एका फोटोत १.३३ मिमीचा चौकोन मावतो. १५३६ ची वेल साधारण दीड मिमीची, म्हणजे एकाच फोटोत तिचा पाऊण हिस्सा आला. २०एक्स लावलंत तर फोटो ०.६७ मिमीचा आणि तेवढ्याच जागेला चार फोटो.

आता धागाकर्तीच्या आकड्यांनी बघा. ३८४ मध्ये १०एक्सने वेलला ४ फोटो, २ रंग: साडेनऊ लाखांवर फोटो. १५३६ मध्ये १०एक्सने एकच: सव्वादोन लाखांच्या आत. पण १५३६ मध्येच कुणी म्हणालं "२०एक्सनेच हवंय", तर परत पावणेनऊ लाखांच्या वर. म्हणजे इमेजिंगचा सगळा फायदा भिंग बदलल्यावर गेला.

बिटबिघाड
आणि साठवणूक कुणी बघायची? एक फोटो साधारण ८ मेगाबाइट. फोकसगेला यांच्या तीन आकड्यांना गुणा: ८ टेराबाइट, पावणेदोन-दोन टेराबाइट आणि परत साडेसात टेराबाइट. स्क्रीन सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी "डिस्क भरली" असा फोन करणारी माणसं मला ठाऊक आहेत. नावं घेत नाही.

सूक्ष्मदर्शिनी
फोकसगेला, १०एक्सने केंद्रक आणि भोवतालचा पेशीद्रव वेगळा करता येईल का? आम्ही आजवर २०एक्सच वापरलंय.

फोकसगेला
तुमच्या अ‍ॅसेला येईल. १०एक्सला एक पिक्सेल म्हणजे ०.६५ मायक्रॉन. केंद्रक १० ते १५ मायक्रॉनचं धरलं तर आडवे पंधरा-वीस पिक्सेल मिळतात. आत किती हिरवं आणि बाहेरच्या कड्यात किती हिरवं, एवढंच गुणोत्तर हवंय ना? पुरे झालं. मायटोकाँड्रियाचे धागे मोजायचे असते तर मी नाही म्हटलं असतं.

दोन गोष्टी मात्र बघा. एका फोटोत जवळजवळ सगळी वेल येते म्हणजे भिंतीही येतात, त्यांची सावली आणि चमक येते. कडेच्या पेशी सॉफ्टवेअरने सरळ वगळा. आणि प्लेटच्या तळाचा सपाटपणा. लेझर-ऑटोफोकस तळ शोधतो खरा, पण प्लेट मधोमध पोटासारखी फुगलेली असेल तर तो प्रत्येक वेलपाशी अडखळतो, आणि १५३६ वेलपाशी अर्धा-अर्धा सेकंद वाढला तर तेरा मिनिटं गेली. प्लेट निवडताना आधी रिकामीच सूक्ष्मदर्शकावर चढवा.

रसायन_रमणा
माफ करा, पण मला मूळ प्रश्नच पटला नाही. एक लाख कशासाठी? संयुगांची लायब्ररीच नीट निवडा. संगणकाने वेगवेगळ्या सांगाड्यांची दहा हजार संयुगं काढा, ती ३८४ मध्ये तपासा, जी लागतील त्यांच्या शेजारची मागवा. प्लेट लहान करण्यापेक्षा लायब्ररी लहान करणं शहाणपणाचं.

जुनं खोड
रमणा, हे आम्हीही करतो. पण शेजारी शोधायला आधी घर सापडावं लागतं. पेशीतल्या कुठल्या प्रथिनावर हात ठेवायचा ते माहीत नसताना निवडीचा आधार काय? १९९९ ते २००८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या, आपल्या प्रकारच्या पहिल्या ठरलेल्या लहान रेणूंच्या औषधांचा हिशेब प्रसिद्ध आहे: ५० पैकी २८ पेशीतला किंवा प्राण्यातला बदल बघून सापडली, १७ ठरावीक लक्ष्य धरून. त्यावर वादही बरेच झालेत, पण आंधळेपणाने मोठं जाळं टाकण्यात काहीच अर्थ नाही असं म्हणवत नाही.

रसायन_रमणा
मान्य, पण जाळं टाकून निम्मे मासे स्वतःच चमकणारे निघतात त्याचं काय? हिरव्या रंगात चमकणारी संयुगं मी ढिगाने पाहिलीत.

फोकसगेला
म्हणून तर फोटो काढायचे. नुसता प्रकाश मोजणाऱ्या यंत्राला चमकणारं संयुग आणि खरा परिणाम सारखाच दिसतो. फोटोत सगळी पेशी एकसारखी हिरवी झालेली लगेच कळते. मेलेल्या पेशीही कळतात, केंद्रकं मोजली की झालं.

गणपत_गणिती
धागा चांगला चाललाय पण मुख्य मुद्दा अजून कुणी मांडला नाही. तुम्ही सगळे द्रव मोजताय. छोट्या प्लेटमध्ये आधी संपतात त्या पेशी.

दोन उदाहरणं घ्या. पहिलं म्हणजे हीच अ‍ॅसे. टीएनएफ घातलं की जवळजवळ प्रत्येक पेशीत पी६५ हलतं, म्हणजे उत्तर प्रत्येक पेशीत लिहिलेलं असतं. समजा एकेका पेशीचं गुणोत्तर ४० टक्क्यांनी इकडेतिकडे होतं. २५०० पेशींच्या सरासरीत ती चूक १ टक्क्याच्या आत येते, ३०० पेशींच्या सरासरीत सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. एका वेलपासून दुसऱ्या वेलपर्यंत पिपेटिंगचा फरकच याहून जास्त असतो. तोटा जवळपास शून्य.

दुसरं उदाहरण, विभाजन होत असलेल्या पेशी मोजायच्या आहेत. समजा अशा ३ टक्के असतात. ३०० पेशींत ९ मिळतील, आणि नुसत्या योगायोगाने तो आकडा ६ ते १२ मध्ये सहज डोलेल. म्हणजे कुठलंही संयुग न घालता ३३ टक्क्यांची चूक. ३००० पेशींत ९० मिळतात, डोलणं साडेनऊचं, चूक १० टक्के. ही अ‍ॅसे १५३६ मध्ये नेलीत तर रोबो कितीही चांगला असो, पिपेट सोन्याची असो, उपयोग नाही.

प्लेट ठरवण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: उत्तर किती टक्के पेशींत आहे? उत्तर सगळ्यांत असेल तर बिनधास्त लहान व्हा. शंभरात तिघींत असेल तर मोठ्या वेलमध्येच राहा.

वाचनमात्र
हे मला कळलं!! पहिल्यांदाच. म्हणजे निवडणुकीत सगळ्यांचं मत एकच असेल तर दहा जणांना विचारून भागतं, तसं.

गणपत_गणिती
वाचनमात्र, अगदी तसं. फक्त पेशी खोटं बोलत नाहीत.

कडेचीवेल
बोलतात हो. भूक लागली की बोलतात.

शैवाल
आम्ही सेल पेंटिंग करतो, त्यामुळे गणपतरावांच्या मुद्द्याला पुरवणी. यात सहा रंगद्रव्यं, पाच चॅनेल, आणि पेशीचे आठ भाग रंगतात. मग सॉफ्टवेअर प्रत्येक पेशीची हजारावर मापं काढतं. २०१३ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा छापून आली, २०१६ मध्ये तिची सविस्तर कृती आली. जंप नावाच्या संघाने एक लाखावर संयुगं याच पद्धतीने तपासली, तीही बरीचशी ३८४ मध्येच.

हजार मापांत काही सगळ्या पेशींत हलतात, काही थोड्यांतच. पेशी कमी केल्या की कुठली मापं आधी गोंगाटात बुडाली हे आपल्याला दिसतही नाही, प्रोफाइल नुसतं फिकट होतं. म्हणून "सेल पेंटिंग १५३६ मध्ये चाललं" असं कुणी सांगितलं की मी विचारते, किती पेशी मोजल्या आणि प्रत्येक संयुग किती वेळा केलं?

जुनं खोड
रच्याकने, १५३६ च्याही पुढे गेलेले लोक आहेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑरोरा बायोसायन्सेस या कंपनीने ३४५६ वेलची प्लेट काढली होती, वेलमध्ये दोनेक मायक्रोलिटर. पेशींवरच्या अ‍ॅसे त्यात चालल्या, पण तिच्यासाठी यंत्रं सगळी वेगळी. बाकीचं जग १५३६ लाच थांबलं. २००१ मध्ये तर वेलच काढून टाकली लोकांनी: काचेवर जनुकांचे ठिपके छापायचे आणि वरून पेशी सोडायच्या, ज्या ठिपक्यावर पेशी बसेल ते जनुक ती उचलते. त्याच धर्तीवर छापलेल्या आरएनएच्या ठिपक्यांवर २०१० मध्ये माणसाची साधारण २१ हजार जनुकं एकेक बंद करून विभाजनाचे चलच्चित्रपट काढले गेले.

थेंबे_थेंबे
खोडकाका, ठिपके जनुकांना चालतात, औषधाच्या रेणूंना नाही. आरएनए पेशीत शिरलं की तिथेच राहतं. औषधाचा रेणू विरघळून शेजारच्या ठिपक्याकडे पाहुणा जातो. म्हणून आपल्याला भिंती लागतात. हल्ली जनुकांसाठी सगळ्या पेशी एकाच भांड्यात घालून प्रत्येकीचा बारकोड सूक्ष्मदर्शकाखालीच वाचतात, २०१९ पासून. तिथेही अडचण तीच, संयुग एकेका पेशीपुरतं राहत नाही, भांड्यातल्या सगळ्यांना लागतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कुणी संयुग घालण्याबद्दल बोललं नाही. तुमची संयुगं डीएमएसओमध्ये (ती विरघळवायचा द्रव) १० मिलिमोलर असतील. ५ मायक्रोलिटरमध्ये ५ नॅनोलिटर टाकलेत तर संयुग १० मायक्रोमोलर आणि डीएमएसओ ०.१ टक्का. २५ नॅनोलिटर टाकलेत तर ५० मायक्रोमोलर आणि अर्धा टक्का, तिथे प्राथमिक पेशी कुरकुर करतात. एवढे बारीक थेंब पिपेटने पडत नाहीत. ध्वनीने थेंब उडवणारा डिस्पेन्सर लागतो, त्याचा एक थेंब २.५ नॅनोलिटरचा. काही स्पर्श नाही, टिप नाही. नाहीतर पिनांच्या टोकांनी थेंब उचलणारं पिन टूल, पण त्या पिना धुण्याचं वेगळं रामायण.

आणि डेड व्हॉल्यूम! वेलमध्ये ३ मायक्रोलिटर अँटिबॉडी घालताय म्हणून खूश होऊ नका. डिस्पेन्सरच्या नळ्या भरायलाच काही मिलिलिटर लागू शकतात. प्लेटा एकामागून एक चालवा, रोज चार-चार चालवाल तर वाचलेली अँटिबॉडी सगळी नळीत जाईल.

अर्धवट_पोटॅशियम
धुण्यावर इतकं रडण्यापेक्षा पी६५ ला हिरवं प्रथिन जोडलेली पेशीओळ (लॅबमध्ये कायम वाढत राहणाऱ्या पेशी) घ्या की. फिक्स करा, निळा रंग घाला, फोटो काढा. एकही धुणं नाही.

सूक्ष्मदर्शिनी
सुचलं होतं. पण प्राथमिक पेशी सोडल्या तर आमच्या प्रकल्पात राहतंच काय? शिवाय बाहेरून घातलेलं पी६५ गरजेपेक्षा जास्त बनलं की त्याला अडवणारी यंत्रणा अपुरी पडते आणि वागणूक बदलते. अँटिबॉडीवरच रंगद्रव्य चिकटवून एक टप्पा मात्र वाचवता येईल, ते करून बघते.

जुनं खोड
थांबा. प्राथमिक पेशी म्हणालात तेव्हाच विचारायला हवं होतं. एका दात्याकडून किती पेशी मिळतात?

सूक्ष्मदर्शिनी
वाढवून, गोठवून, चांगला दाता असेल तर पाच-सहा कोटी. त्यापुढे वाढवल्या की त्या टीएनएफला दाद देईनाशा होतात.

जुनं खोड
मग माझं वरचं मत मागे. ३० कोटी पेशी म्हणजे पाच-सहा दाते, आणि दात्यादात्यांतला फरक तुमच्या संयुगांच्या परिणामाहून मोठा निघेल. साडेचार कोटींच्या आत म्हणजे एकच दाता, एकच लॉट. रसायनं वाचतात म्हणून १५३६ वर जा असं मी कधी म्हणणार नाही. पण अख्खी लायब्ररी एकाच माणसाच्या पेशींवर तपासता येते, यासाठी जा. आंघोळीचं बघा काहीतरी.

कडेचीवेल
खोडकाकांनी मत बदललं! धागा जतन करून ठेवा.

थेंबे_थेंबे
एक इशारा राहिला. टीएनएफ वरून घालाल तेव्हा ते मिसळेल असं गृहीत धरू नका. १५३६ मध्ये पाण्याचा स्तंभ दोन मिलिमीटरच्या आसपास. तेवढं अंतर टीएनएफएवढ्या प्रथिनाने निव्वळ विसरणाने कापायचं तर काही तास जातात, आणि तुमचा खेळ अर्ध्या तासाचा. मिसळणं होतं ते थेंबाच्या वेगाने. थेंब भिंतीला चिकटून बसला तर खालच्या पेशींना पत्ताच नाही. ९६ मध्ये प्लेट हलवली की भागतं. इथे पृष्ठताण इतका जोरात असतो की हलवून द्रव हलतच नाही.

सूक्ष्मदर्शिनी
सगळ्यांचे आभार. महिनाभराने परत येते आणि काय झालं ते सांगते.

सूक्ष्मदर्शिनी
आले. दीड महिना लागला, क्षमस्व.

लायब्ररीला हात न लावता आधी नुसत्या डीएमएसओच्या प्लेटा केल्या. मग एक प्लेट बुद्धिबळाच्या पटासारखी: एक वेल टीएनएफवाली, शेजारची विनाटीएनएफ, अशी पूर्ण १५३६. हे करा असं मी प्रत्येकाला सांगेन. कंट्रोल फक्त कडेच्या कॉलमांत ठेवले असते तर पुढचं काहीच दिसलं नसतं.

पहिल्या पटावर टीएनएफच्या निम्म्या-अधिक वेल उजळल्याच नाहीत. आम्ही आधी अँटिबॉडीला शिव्या घातल्या, मग पेशींना. शेवटी थेंबे_थेंबे यांची पोस्ट आठवली. बाजूने उजेड टाकून प्लेट पाहिली तर भिंतींना थेंब लटकलेले. टीएनएफ घातल्यावर लगेच काही सेकंद हलकं सेंट्रिफ्यूज, आणि पट पटासारखा दिसू लागला. झेड प्राइम तेव्हा ०.५ च्या वर पहिल्यांदा गेला. (वाचनमात्र, तुम्ही विचारायच्या आधीच: दोन्ही कंट्रोलांच्या प्रमाण विचलनांची बेरीज तिप्पट करा, त्यांच्या सरासरींमधल्या अंतराने भागा, ते एकातून वजा करा. १९९९ पासून सगळे हेच वापरतात. अर्ध्याच्या वर म्हणजे अ‍ॅसे भरवशाची.)

तरी उजवीकडच्या चार ओळी सारख्या मंद होत्या. ते डिस्पेन्सरचं एक टोक अर्धवट तुंबलं होतं. ३८४ मध्येही ते तुंबलेलंच असणार, तिथे ते खपून जात होतं. अर्धा तास मोजतानाही घोळ होता. प्लेट टेबलावर ठेवली की ५ मायक्रोलिटर भराभर गार होतात आणि पी६५ आळसावतं. आता ती परत ३७ अंशांत जाते, घड्याळ लावून.

धुणं उलट्या सेंट्रिफ्यूजने, कडेचीवेल ताईंच्या कृतीने. रंगवलेली अँटिबॉडी चालली, चमक थोडी कमी, पण एक टप्पा गेला.

ठरलं असं: पहिली फेरी १५३६ मध्ये, १०एक्स, वेलला एक फोटो, एकाच दात्यावर. ज्या वेलमध्ये पेशी फार कमी उरतील त्यांचं गुणोत्तर वाचायचंच नाही, त्या वेगळ्या काढायच्या. जी संयुगं लागतील ती ३८४ मध्ये, वेगवेगळ्या तीव्रतांना, दुसऱ्या दोन दात्यांवर. शेजारच्या टेबलावरची विभाजनाची अ‍ॅसे गणपतरावांची पोस्ट छापून दाखवल्यावर ३८४ मध्येच राहिली. साहेबांचं तोंड जरा वाकडं झालं.

गणपत_गणिती
कमी पेशींच्या वेल वेगळ्या काढताना मर्यादा आधीच ठरवून लिहून ठेवा. हिट (लागलेलं संयुग) दिसल्यावर मर्यादा ठरवायला बसलात तर आवडतं संयुग बरोबर आत येतं.

सूक्ष्मदर्शिनी
लिहून ठेवली. १०० केंद्रकं. साहेबांची सहीसुद्धा घेतली आहे.

फोकसगेला
तळ फुगलेल्या प्लेटांचं काय झालं?

सूक्ष्मदर्शिनी
पहिली खोकी परत केली. दुसऱ्या बनावटीच्या आणल्या, त्या सपाट आहेत.

कडेचीवेल
झाकणाच्या रबराकडे लक्ष ठेव. ते एका कोपऱ्यात दबलं की त्याच कोपऱ्यातल्या वेली सुकतात आणि नकाशावर ते नेमकं हिटांच्या झुपक्यासारखं दिसतं.

अनुस्वार
'वेली' नाही, 'वेल'. एकवचन आणि अनेकवचन सारखंच.

कडेचीवेल
सुकल्या की वेलीच म्हणायचं.